आधी खूण, मग माप

माझा भाचा नोकरीसाठी पुण्यात आला तेव्हा पहिले सहा-सात महिने आमच्याकडेच राहत होता. एका रविवारी मी बाहेरून आले, तर जेवणाच्या टेबलावर हॉटेलातून मागवलेले प्लास्टिकचे डबे. सकाळीच तो म्हणाला होता की आज मी पोहे करतो.

"पोहे करणार होतास ना रे?"

"कढीपत्ता नव्हता गं मावशी."

घरात जाडे पोहे होते. कांदे, मिरच्या, दाणे, लिंबू, कोथिंबीर, अर्धी वाटी खवलेला नारळसुद्धा होता. पण फोनवर त्यानं जी कृती काढली होती, तिच्या साहित्यात 'कढीपत्ता : ८-१० पानं' असं लिहिलं होतं. पानं नव्हती, म्हणून पोहे झाले नाहीत.

मला राग आला नाही, वाईट वाटलं. हा मुलगा दिवसभर कंपनीत अवघड कामं सोडवतो. त्याला अक्कल नाही असं कोण म्हणेल? पण त्या यादीत पोहे आणि कढीपत्ता एकाखाली एक, एकाच आकाराच्या अक्षरांत लिहिलेले होते. कशावाचून पोहे होतच नाहीत आणि कशावाचून ते जरासे कमी खमंग होतात, हे यादी सांगत नाही. त्याला ते कुणीच सांगितलं नव्हतं. मीही नाही.

त्या दिवसापासून मी या गोष्टीचा विचार करते आहे, आणि माझं मत आता पक्कं झालं आहे. कृती समोर न ठेवता, घरात असेल त्यातून चार घास रांधता येणं हे प्रत्येक मुलाला आणि मुलीला शाळेत शिकवलं पाहिजे. आणि ते हातात पाककृती देण्याच्या आधी शिकवलं पाहिजे.

'अंदाजानं घालायचं' म्हटलं की लोकांना वाटतं, मनाला येईल तेवढं घालायचं. किंवा वाटतं की ही वर्षानुवर्षांच्या सवयीनं येणारी, सांगता न येणारी गोष्ट आहे. दोन्ही खरं नाही. आमच्या आजीच्या घरात चिपटं, मापटं, शेर ही मापं होती, पण ती धान्याला. मिठाला, पाण्याला, आचेला मापं नव्हती. तिथे खुणा होत्या. आणि खूण ही मापाइतकीच नेमकी असते, फक्त ती भांड्यात बघावी लागते, कागदावर नाही.

तुपाचं उदाहरण देते. लोणी कढायला ठेवलं की आधी वितळतं, मग फेस येतो आणि भांडं चुरचुर बोलायला लागतं. तो आवाज लोण्यातल्या पाण्याचा. पाणी उडून जातंय तोवर आवाज येत राहतो आणि तोवर तूप फारसं तापतही नाही, कारण सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात जाते. मग आवाज हळूहळू बसतो. फेस विरळ होतो, खालचं सोनेरी दिसायला लागतं, तळाशी बेरी बदामी होते. आवाज थांबला याचा अर्थ पाणी संपलं, आणि पाणी संपलं की पुढच्या एक-दोन मिनिटांत बेरी करपणार. आजी ओट्याकडे पाठ करून मेथी निवडत बसलेली असायची आणि तिथूनच म्हणायची, "बंद कर गं, गप्प झालं."

आता कृतीत बघा. तिथे असतं, 'मंद आचेवर १५ ते २० मिनिटं कढवावं'. लोणी किती? त्यात ताकाचा अंश किती राहिलाय? भांडं पातळ की जाड बुडाचं? तुमच्या शेगडीची मंद आच म्हणजे किती मंद? मिनिटांच्या त्या आकड्याला यातलं काहीच ठाऊक नसतं. 'गप्प झालं' ही खूण मात्र पाव किलो लोण्यालाही लागू पडते आणि पाच किलोलाही. कृतीपेक्षा ती जास्त अचूक आहे, आणि शिकवायला एक दुपार पुरते.

आपला सगळा स्वयंपाक अशा खुणांनी भरलेला आहे. बेसनाच्या लाडवांसाठी पीठ भाजताना आधी उलथन्याला जड लागतं, मग तूप सोडायला लागलं की हलकं होतं. भाताला बोटाचं पेर बुडेल इतकं पाणी, तांदूळ नवा असेल तर त्याहून कमी, जुना असेल तर जास्त. साखरेच्या पाकाला तर आपण खुणांचीच नावं दिली आहेत : एकतारी, दोनतारी, गोळीबंद. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, भाकरी थापताना कडा चिरतात. मग थोडं पीठ उकळत्या पाण्यात भिजवून घ्यायचं, म्हणजे ते धरून राहतं. किती पाणी लागेल हे त्या दिवशी, त्या गिरणीतून आणलेल्या पिठाला हात लावल्याशिवाय कुणालाही सांगता येणार नाही.

यावर एक आक्षेप आहे आणि तो मला मोलाचा वाटतो, कारण तो बायकांच्या बाजूनं घेतला जातो. मापं आली म्हणून तर कितीतरी जणींची सुटका झाली. कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' १९७० मध्ये आलं, त्यात वाटी-चमच्याची सोपी मापं होती. घरापासून लांब संसार मांडणाऱ्या, सासूच्या 'हिला अंदाजच नाही' या बोलण्यानं रडकुंडीला येणाऱ्या नव्या सुनांना त्या मापांनी आधार दिला. ज्ञान घराच्या चार भिंतींत कोंडलेलं असतं तेव्हा ते देणाऱ्याच्या मर्जीवर चालतं. छापील माप कुणाच्या मर्जीवर नसतं. हे सगळं मला मान्य आहे. माझ्या आईनं मुंबईतल्या दोन खोल्यांत, शेजारी कुणी ओळखीचं नसताना, पुस्तक उघडं ठेवूनच संसार उभा केला.

पण त्या सुनेचं दुःख मापं नव्हती हे नव्हतं. तिला कुणी खुणा सांगत नव्हतं, हे होतं. 'अंदाजानं घाल' एवढंच म्हणायचं आणि चुकलं की बोलायचं, ही शिकवण्याची रीत नव्हे. हा छळ आहे. अंदाजाला गूढ करून ठेवलं की तो हत्यार होतो.

त्या गूढपणाचं दुसरं टोक म्हणजे 'तिच्या हाताला चव आहे'. किती गोड वाक्य आहे, आणि किती महागात पडलं आहे ते बायकांना. चव हाताला असेल तर ती देणगी झाली, आणि देणगी शिकता येत नाही. मग नवऱ्यानं, मुलानं, दिरानं शिकायचा प्रश्नच उरत नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात दिसलं की दिवसभरात घरकामाला हात लावणाऱ्या बायका ८१.२ टक्के होत्या आणि पुरुष २६.१ टक्के. हात लावणाऱ्यांतही बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, पुरुषांची ९७. या आकड्यांमागे बरीच कारणं आहेत, पण 'आम्हाला नाही बुवा जमत' हे त्यातलं एक आहे, आणि त्या वाक्याला आपणच 'हाताची चव' म्हणून खतपाणी घातलं आहे. अंदाज म्हणजे खुणा, आणि खुणा शिकता येतात, असं एकदा मानलं की ही सबब राहत नाही. म्हणून मी म्हणते की हा प्रश्न स्वयंपाकघराच्या हौसेचा नाही, घरातल्या न्यायाचा आहे.

आता सर्जनशीलतेबद्दल. आजकाल तिचा अर्थ पाणीपुरीत काहीतरी भलतंच भरणं असा झाला आहे. मला ते अभिप्रेत नाही. घरात एक वस्तू नसताना तिचं काम दुसऱ्या कशानं होईल हे ओळखणं, ही खरी सर्जनशीलता. २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये टोमॅटो किलोला दीडशे-दोनशे रुपयांवर गेले होते. रोजच्या भाजीत दोन टोमॅटो लागतातच असं शिकलेल्या कितीतरी घरांत तेव्हा कोंडी झाली. पण टोमॅटो भाजीत काय करतो? आंबटपणा देतो, थोडा ओलावा देतो, थोडा रंग देतो. तो अमेरिका खंडातून आपल्याकडे यायच्या आधी आपण अळणी-अगोड जेवत नव्हतो. कोकणात आमसूल होतं, घाटावर चिंच होती, मराठवाड्या-विदर्भात अंबाडी होती, गोव्यात बिंबलं आणि आंबाडे होते, ताक तर सगळीकडेच होतं. 'या भाजीला टोमॅटो लागतो' असं शिकलेला माणूस अडतो. 'या भाजीला आंबट लागतं' असं शिकलेला माणूस अंगणात, बरणीत, ताकाच्या भांड्यात बघतो.

मिरची आणि बटाटाही तिकडूनच आले. ज्या बायकांनी पहिल्यांदा मिरची फोडणीत टाकली किंवा बटाटा रस्स्यात सोडला, त्यांच्यासमोर कुणाची कृती नव्हती. आज आपण ज्याला 'अस्सल पारंपरिक' म्हणतो, ते अशा अंदाज बांधणाऱ्यांनीच केलेलं आहे. आणि ही फार जुनी गोष्टही नाही. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो मिळायची. ती परदेशी ज्वारी रंगाला वेगळी, चवीला वेगळी, थापायला वेगळी. ज्यांनी तिच्या भाकरी करून लेकरं जगवली, त्या कुठल्याच पाककृतीच्या पुस्तकात सापडणार नाहीत. आपल्या छापील पाककलेत बहुतेक भरल्या कोठारांचा स्वयंपाक नोंदला गेला. रिकाम्या डब्यांतून जेवण उभं करणाऱ्यांचं ज्ञान नोंदायचं राहून गेलं, आणि नेमकं तेच ज्ञान माझ्या भाच्याला हवं होतं.

त्याला मी शिकवायला घेतलं तेव्हा एकही पदार्थ शिकवायचा नाही असं ठरवलं. पहिल्या आठवड्यात फक्त फोडणी. तेल किती तापलं हे एक मोहरी टाकून बघायचं. ती तळाशी स्वस्थ बसली तर थांबायचं, लगेच उडाली तर बाकीची टाकायची. दाण्यातल्या पाण्याची वाफ होते म्हणून मोहरी तडतडते, आणि न तडतडलेली मोहरी कडवट लागते. मग जिरं, मग हिंग, हळद सगळ्यात शेवटी, कारण तिला करपायला काही सेकंद पुरतात. दोनदा त्याची हळद काळी झाली. दोन्ही वेळा मी तेल ओतून टाकायच्या आधी त्याला वास घ्यायला लावलं. करपलेल्या हळदीचा वास एकदा नाकात बसला की पुढे आपोआप हात आवरतो. तिसऱ्या दिवशी त्यानं गॅस बंद करून मग हळद टाकली. हे मी त्याला सांगितलं नव्हतं.

मग आंबट. इथे एकच नियम सांगितला : डाळ मऊ शिजल्याशिवाय आंबट घालायचं नाही, कारण आंबटात डाळ शिजता शिजत नाही. कृतीत हे 'चौथी पायरी : चिंचेचा कोळ घाला' असं लिहिलेलं असतं. ते वाचून फक्त एक आमटी येते. कारण कळलं की आमसूल, टोमॅटो, कैरी, अंबाडी सगळ्यांना तेच लागू होतं, मटकी-चवळीच्या उसळीलाही होतं. एक कारण म्हणजे वीस कृती.

त्यानंतर दाटपणा. रस्सा कशानं मिळून येतो? दाण्याच्या कुटानं, तिळानं, सुक्या खोबऱ्यानं, डाळीच्या पिठानं, वाटलेल्या कांद्यानं, किंवा त्याच भाजीतल्या दोन फोडी डावानं मोडून. प्रत्येकाची चव वेगळी आणि शिजण्याचा वेळ वेगळा, डाळीचं पीठ कच्चं राहिलं तर लगेच कळतं. चौथ्या आठवड्यात मी त्याला फ्रीजमधला अर्धा दुधी, आदल्या रात्रीचं वाटीभर वरण आणि कूट दाखवलं आणि बाहेर जाऊन बसले. वीस-पंचवीस मिनिटांनी तो वाडगा घेऊन आला. फोडणीत लसूण आणि लाल मिरची, दुधी वरणात शिजवलेला, वरून कूट, शेवटी लिंबू. मीठ थोडं कमी होतं. त्याला मी त्या पदार्थाचं नाव विचारलं नाही, कारण त्याला नाव नव्हतंच.

कृती मुळीच नकोत असं मी म्हणत नाही. चकलीची भाजणी, वर्षभर टिकवायचं लोणचं, केक, यांत प्रमाण चुकलं तर सुधारायला जागा नसते. तिथे माप काटेकोर हवं. पण हे सणावाराचे आणि साठवणीचे पदार्थ झाले. रोजच्या जेवणात पोळी, भाकरी, भात, आमटी, भाजी, कोशिंबीर असते, आणि ती जवळजवळ सगळी खुणांवर चालते. आपण शिकवतो मात्र उलट. आधी कृती, आणि खुणा पुढे कधीतरी, नशिबात असल्या तर.

'दोघंही नोकरी करणाऱ्या घरात एवढा वेळ कुणाला आहे?' असं मला हमखास विचारतात. वेळ कमी आहे म्हणूनच तर हे हवं. संध्याकाळी सात वाजता दमून आलेल्या माणसाला व्हिडिओ शोधायचा, साहित्य मागवायचं, थांबवत-थांबवत बघायचं, हे परवडत नाही. त्याला फ्रीज उघडून दहा मिनिटांत काय होईल ते दिसायला हवं. ते दिसत नाही म्हणून बाहेरून मागवलं जातं, आणि अर्धा दुधी सुकून कचऱ्यात जातो.

हे घराघरात आपसूक होईल अशी आशा आता मला वाटत नाही. ज्या घरात आईवडिलांनाच खुणा माहीत नाहीत, तिथल्या मुलांनी कुठे जायचं? म्हणून शाळा. आणि ही काही नवी कल्पना नाही. १९३७ मध्ये वर्ध्याला झालेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हातानं काम करत शिकण्याचा आग्रह धरला, त्यातून नई तालीम उभी राहिली आणि सेवाग्रामच्या शाळेत मुलं स्वयंपाकघरातलं कामही शिकण्याचा भाग म्हणून करत. जपानमध्ये १९९० च्या दशकापासून गृहशास्त्र मुलग्यांनाही सक्तीचं आहे. आपल्याकडे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी १० दिवस दप्तराविना ठेवायचे आहेत, आणि त्या दिवसांत गावातल्या जाणत्या कारागिरांकडून शिकायचं आहे. सुतार, माळी, कुंभार अशी नावं धोरणातच आहेत. त्या यादीत मला एक नाव जोडायचं आहे.

हजारो सरकारी शाळांत दुपारचं जेवण शिजवणारी ताई असते. पहिली ते पाचवीच्या मुलासाठी तिला दर डोई १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल असं प्रमाण आखून दिलेलं असतं. शंभर मुलं आली तर १० किलो तांदूळ, ८० आली तर ८ किलो. मापाचा भाग तिथे संपतो. चूल धुमसते आहे की पेटली आहे, या खेपेचा तांदूळ किती पाणी पितो, डाळ जुनी आहे का, एवढ्या मोठ्या पातेल्यात तळ कधी लागतो, खालची आच कधी ओढायची, हे सगळं ती खुणांवर चालवते आणि रोज ठरल्या वेळेला ताटं वाढते. तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या या बाईइतकं पक्कं ज्ञान त्या शाळेच्या आवारात फार थोड्यांकडे असतं. पण मुलं तिला फक्त वाढताना बघतात. तिला वर्गात बोलवावं, 'ताई आज शिकवणार आहेत' असं गुरुजींनी फळ्यावर लिहावं, आणि त्या दिवसांचे तिला वेगळे पैसे द्यावेत.

मुलं भाजतील, कापून घेतील, ही भीती पालकांना वाटणार आणि ती रास्त आहे. पण सुरुवातीला आच लागतच नाही. कोशिंबीर, ताक, भेळ, चटणीचं वाटण यात महिनाभर शिकण्यासारखं आहे. काकडीला मीठ लावलं की पाणी का सुटतं हे सहावीच्या विज्ञानाला जोडूनच येतं. वाटणीचं गणित, शेतातल्या पिकाचा भूगोल, एकमेकांच्या हातचं खाण्याची सवय, हे सगळं त्या एका तासात मावतं.

मला पहिला तास ठरवायला सांगितला तर मी असा ठरवेन. ताईंनी दुपारसाठी शिजवलेल्या वरणातलं पातेलंभर वरण वर्गात आणायचं, मीठ-हळद घातलेलं, बाकी साधं. ते पाच वाडग्यांत वाटायचं. एकात आमसूल, एकात चिंचेचा कोळ, एकात लिंबू, एकात किसलेली कैरी, एकात ताक. मुलांनी चमच्यानं पाचही चाखायचे आणि प्रत्येकानं सांगायचं की आपल्या घरी यातलं कुठलं असतं, आणि ते संपलं तर उद्या काय घालाल.